शयनगृहातील लाकडी सामान आणि कमी वासाचे रोगण

वसतिगृह, आश्रमशाळा किंवा विश्रामगृह यांसाठी गावातील सुताराकडून खाटा, कपाटे व मेजे करवून घेण्याची पद्धत आजही अनेक ठिकाणी चालू आहे. लाकूड कोणते, फळीची जाडी किती, सांधे कुसाचे की खिळ्यांचे, यांविषयी अंदाजपत्रकात बारकाईने लिहिलेले असते. शेवटच्या ओळीत मात्र ‘पॉलिशसह’ एवढाच शब्द असतो. त्या एका शब्दाच्या पोटात काय काय येऊ शकते, याचा विचार सहसा होत नाही. मग नव्या खाटा खोलीत लागतात, पावसामुळे खिडक्या बंद राहतात, आणि मुलांचे डोळे चुरचुरू लागले की वासाची चर्चा सुरू होते. माणूस दिवसाचे सात-आठ तास ज्या खोलीत श्वास घेतो, तेथील सामानाला बैठकीच्या किंवा कचेरीच्या सामानाचा न्याय लावून चालत नाही.

वास कशाचा येतो?

रोगण म्हणजे लाकडावर बसणारा राळेचा थर आणि ती राळ पातळ ठेवणारे द्रावण. द्रावण उडून गेले की थर उरतो. द्रावण स्पिरिट असेल तर ते एक-दोन दिवसांत बहुतांशी निघून जाते. सेल्युलोज लॅकरमध्ये वापरले जाणारे थिनर अधिक उग्र असते. त्यात टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रव्ये असतात आणि त्यांचा त्रास प्रथम रोगण लावणाऱ्यालाच होतो.

मेलामाइन पॉलिशची गोष्ट वेगळी आहे. ते काचेसारखे चकाकते, चटकन वाळते, म्हणून कारागीर व ग्राहक दोघांनाही आवडते. परंतु आम्लाच्या योगाने घट्ट होताना, आणि त्यानंतरही बरेच दिवस, त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. डोळे व घसा चुरचुरण्याचे ते एक मुख्य कारण होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली या वायूची गणना मानवास कर्करोगकारक द्रव्यांत केली. झोपण्याच्या खोलीसाठी मेलामाइन टाळावे, हे उत्तम. दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रोगणाचा थर फार टिकाऊ असतो. पण त्याच्या कडककारकातील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दम्याचा विकार जडू शकतो. तोंडाला फडके बांधून काम करणाऱ्या कारागिराचे त्यापासून रक्षण होत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. डब्यावर ‘कमी वासाचे’ असे छापलेले असले म्हणजे त्यातून काहीच बाहेर पडत नाही, असे नव्हे. काही द्रव्यांना वास थोडा असतो, अपाय थोडा नसतो. उलट स्पिरिटचा वास तीव्र वाटतो, पण तो लवकर सरतो. म्हणून वास किती, यापेक्षा तो किती दिवस टिकतो व कशाचा आहे, हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

लाखेचे पॉलिश

पळस, बोर व कुसुंब या झाडांवर पोसणाऱ्या किड्यापासून लाख मिळते. सावंतवाडीचे लाखकाम प्रसिद्धच आहे. हीच लाख शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपाने ‘चपडा’ म्हणून बाजारात येते. शयनगृहातील खाटा आणि कपाटांचा आतील भाग यांसाठी तिच्याइतके सोयीचे रोगण क्वचितच सापडेल.

पहिल्या हातासाठी एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १२० ग्रॅम व पुढील हातांसाठी २०० ते २४० ग्रॅम चपडा रात्रभर भिजत ठेवावा. भांडे काचेचे वा प्लॅस्टिकचे असावे. लोखंडी भांड्यात लाख काळपट होते. द्रावण फडक्यातून गाळून घ्यावे. ते लागेल तेवढेच करावे, कारण जुने झालेले द्रावण नीट वाळत नाही व थर चिकट राहतो. शंका आल्यास काचेवर एक थेंब टाकून पाहावा. दुसऱ्या दिवशी त्यावर नख उमटले तर ते द्रावण वापरू नये. रंग बनविण्यासाठी विकले जाणारे स्पिरिट विषारी असते आणि भडकन पेटते, म्हणून ते मुलांपासून, चुलीपासून व बिडीपासून दूर ठेवावे.

कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हात न थांबवता पातळ थर द्यावा. पहिला थर वाळला की उभे राहिलेले तंतू ३२० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने हलकेच घासून काढावेत. चार ते सहा हात पुरेसे होतात. सांध्यांच्या फटी आधी भरून त्यांवर पॉलिश नीट पोचवावे. ढेकणांना घर तेथेच मिळते.

लाखेला मर्यादाही आहेत. गरम भांडे, सांडलेले पाणी व स्पिरिट यांनी तिच्यावर पांढरे डाग पडतात; दमट हवेत लावली तर सगळा थरच धुरकट होतो. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

पाण्यात मिसळणारे रोगण

मेजाचा पृष्ठभाग, खाटेचे हात लागणारे कठडे अशा ठिकाणी पाण्यावर आधारलेले अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन रोगण वापरावे. त्यात द्रावणाचा मोठा भाग पाणीच असल्याने वास कमी असतो. पाण्यामुळे लाकडाचे तंतू फुगतात. म्हणून आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसून, वाळवून, २२० क्रमांकाच्या कागदाने घासून घ्यावे. स्टील वूल मात्र वापरू नये, कारण त्याचे कण लाकडात राहून गंजाचे ठिपके उमटतात. सागाच्या लाकडात मुळातच तेलकट अंश असतो, त्यामुळे वरचा थर कधी कधी नीट धरत नाही. मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात खाली दिल्यास ही अडचण दूर होते. साध्या चपड्यातील मेणामुळे वरचा थर सुटू शकतो. सुमारे तीन हात द्यावेत व सामान निदान आठवडाभर मोकळ्या हवेत ठेवावे.

जवसाचे तेल नैसर्गिक म्हणून अनेकांना आवडते. बाहेरच्या भागाला ते शोभते, पण खण व कपाटाच्या आत त्याचा खवट वास महिनोन्‌महिने कोंडून राहतो. शिवाय तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

खाटांना रंगच द्यायचा असेल तर केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांकडे लक्ष द्यावे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असे बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले आहे. औद्योगिक रंगांना हे बंधन नाही. म्हणून यंत्रांसाठी आणलेल्या रंगातील उरलेला डबा मुलांच्या खाटांवर रिता करण्याची काटकसर करू नये.

कंत्राटात काय लिहावे

‘पॉलिशसह’ याऐवजी रोगणाचा प्रकार, हातांची संख्या आणि वाळण्याची मुदत लिहावी. मेलामाइन चालणार नाही, असे स्पष्ट नमूद करावे. शाळा जूनमध्ये उघडतात. तेव्हा रोगणाचे काम एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकेल अशा बेताने कार्यादेश निघावा. कागदपत्रे रखडल्यामुळे खाटांना पॉलिश आणि मुलांचा प्रवेश एकाच आठवड्यात होणे, हा प्रकार कारागिराच्या हातातला नसतो.

सामान ताब्यात घेताना एक साधी परीक्षा करता येते. खण व कपाटाची दारे रात्री बंद करावीत आणि सकाळी उघडून वास घ्यावा. डोळ्यांना झोंबले, तर दारे व खण काढून सामान सावलीत, वाऱ्यावर आणखी पंधरा दिवस ठेवावे व मगच खोलीत न्यावे.