टीडीएस मीटर नेमकं काय सांगतो?

आरओ पाण्याच्या जारचा व्यवसाय करायचा, तर मीटरची भाषा समजलीच पाहिजे.

हा मीटर क्षार थेट मोजत नाही. तो विद्युत वाहकता मोजतो, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते. विरघळलेले क्षार जास्त, तर वाहकता जास्त. तिचं एकक मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर. या आकड्याला साधारण ०.५ ते ०.७ ने गुणलं, की टीडीएसचा अंदाज येतो.

उदाहरण बघा. बोअरचं पाणी १२००, आरओनंतर ६०. म्हणजे सुमारे ९५ टक्के क्षार अडले. उद्या ६० चे २४० झाले, तर फक्त ८० टक्केच अडतायत. मेंब्रेन आणि सील लगेच तपासा.

मोजताना:
- इलेक्ट्रोड त्याच पाण्याने आधी धुवा, बुडबुडे राहू देऊ नका.
- तापमान १ अंश वाढलं, की वाहकता साधारण २ टक्के वाढते. त्यामुळे २५ अंशांवरच्या आकड्यांचीच तुलना करा.
- मीटर अधूनमधून १४१३ च्या प्रमाणित द्रावणात तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मीटरला जंतू दिसत नाहीत! आकडा ५० असला तरी त्या पाण्याने जुलाब होऊ शकतात. म्हणून ग्राहकाला मीटर दाखवून "पाणी शुद्ध आहे" म्हणू नका. त्यासाठी प्रयोगशाळेचा जंतू तपासणी अहवाल हवा.

मीटर तुमच्या मशीनची तब्येत सांगतो. रोज दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा, आजपासूनच!