करंट कोण खातं?

कर्नाटकातल्या निपाणीत मराठी माध्यमाच्या मुलांना नववी-दहावीचं भौतिकशास्त्र शिकवताना पदरी पडलेलं थोडंफार.

१. ‘कळलं का?’ असं विचारू नये. अख्खा वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतो आणि घंटेची वाट बघतो.

२. उत्तरासोबत खात्रीही लिहून घ्यावी, आणि ती बरोबर-चूक सांगण्याआधी. आमची मुलं समासात पेन्सिलीनं ‘ख’ लिहितात, म्हणजे खात्री. ‘अ’ म्हणजे अंदाज. ‘ठ’ म्हणजे ठोकून दिलंय. तिसरं अक्षर मुलांनीच काढलं. चुकलेला ‘अ’ सहज सुधारतो. चुकलेला ‘ख’ चिवट असतो. सिरीजमध्ये दोन सारखे बल्ब जोडले, तर दुसऱ्यातून जाणारी विद्युतधारा कमी की तेवढीच? हुशार मुलंसुद्धा लिहितात: कमी, ख. पहिला बल्ब करंट खातो ना! घरात फ्रिज खातो, मोटर खाते, तसा. इथं फळ्यावर समजावण्यात अर्थ नसतो. अॅमीटर आधी पहिल्या बल्बच्या अलीकडे लावला, मग दोन बल्बांच्या मध्ये, मग शेवटी. काटा तिन्ही वेळा त्याच रेघेवर. एक मुलगी म्हणाली, “सर, मीटर अडकलाय की!” तिनं काचेवर टिचकी मारली, एक सेल काढून पाहिला; काटा खाली आला. अडकलेला नव्हता. मग तिचा पुढचा प्रश्न: “धारा तेवढीच परत जाती, तर हेस्कॉमवाले बिल कशाचं घेत्यात?” बिल ऊर्जेचं असतं; एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. पण हा धडा तिच्या प्रश्नानं सुरू झाला, पुस्तकाच्या क्रमानं नाही.

३. या अक्षरांना गुण देऊ नयेत. एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीला, विज्ञानात ८० गुण लेखी, २० अंतर्गत. त्या २० चा नुसता वास आला, तरी वहीभर ‘ख’ उगवतात.

४. गणित सुटलं म्हणजे कळलं, असं नसतं. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी बलाविषयीची साधी चाचणी वर्गाला दिली, तेव्हा एकानं विचारलं होतं: उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू, की मला वाटतं तशी? हार्वर्डमध्ये ही गत, तर आपल्या पोरांवर कशाला चिडायचं!

५. दहावीनंतर विज्ञान इंग्रजीत. कुणी बेळगावला पीयूसीला जातं, कुणी देवचंदला. ते कॉलेज निपाणीला खेटून, पण अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात, त्यामुळे बोर्डही बदलतं. मराठीत घोकलेली व्याख्या तिथं कामाला येत नाही, काढता येणारी आकृती येते. म्हणून जूनपासूनच सवय लावावी: पुस्तक मिटायचं, मंडल काढायचं, शेजाऱ्याला समजावायचं. कुठं अडलो ते ज्याचं त्याला कळतं.

६. एखाद्या प्रश्नापुढं सगळ्या वर्गाचा ‘ठ’ आला, तर मुलांना बोलू नये. गोलीय आरशांच्या चिन्हसंकेतापुढं तो दरवर्षी येतो. तिथं उजळणी नंतर. आधी स्टीलचा चकचकीत चमचा हातात द्यावा आणि दोन्ही बाजूंनी तोंड बघायला सांगावं.