पेट्रोल जाते कोठे?



"काय हो, तुमची गाडी ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न डोंबिवलीच्या लोकलमध्ये, ठाण्याच्या पेट्रोल पंपावर, फार काय, लग्नाच्या पंगतीतही तुम्ही ऐकला असेल. एक जण म्हणतो, "पन्नास देते." शेजारचा कपाळाला हात लावतो, "माझी चाळीसच्या वर जात नाही, आणि गाडी तीच!" दोघांच्या स्कूटर एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या; दोघेही डोंबिवलीहून ठाण्याला नोकरीसाठी जातात. मग लिटरमागे दहा किलोमीटरचा फरक कोठून आला?

हा फरक किरकोळ समजू नका. जाण्याचे अंतर वीस किलोमीटर धरले, तर येऊन-जाऊन दिवसाला चाळीस आणि तीनशे दिवसांत बारा हजार किलोमीटर होतात. पन्नास किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला वर्षाला २४० लिटर पेट्रोल लागेल. चाळीस देणारीला ३०० लिटर. साठ लिटरचा फरक! लिटरला शंभर रुपये भाव धरला, तरी वर्षाचे सहा हजार रुपये झाले. एवढ्यात एखाद्या घरातल्या दोन मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च सहज निघेल. तेव्हा हे साठ लिटर पेट्रोल जाते कोठे, याचा शोध आपण घेऊ या. त्यासाठी नववीच्या पुस्तकातले विज्ञान पुरेसे आहे.

रुपयातले वीस पैसे

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. असे एक लिटर इंधन जळले की सुमारे ३ कोटी ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. परंतु ती सगळी चाकापर्यंत पोचत नाही. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते, वायू प्रसरण पावतो आणि दट्ट्याला ढकलतो. पण बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर आणि इंजिनाच्या तापलेल्या अंगावरून हवेत निघून जाते. शहरातल्या रहदारीत ऊर्जेच्या रुपयातले जेमतेम वीस पैसे चाकाच्या वाट्याला येतात असे समजू. म्हणजे लिटरमागे ६० लाख ज्यूल.

हे वीस पैसे तीन ठिकाणी खर्च होतात. पहिले, टायर आणि रस्ता यांच्यामधला रोध. दुसरे, हवेचा रोध. आणि तिसरे ठिकाण, जे आपल्या ध्यानीमनीही नसते, ते म्हणजे ब्रेक.

ब्रेक दाबला, पेट्रोल सांडले

ब्रेक काय करतो? गाडीची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलतो. ही गतिज ऊर्जा आली कोठून? पेट्रोलमधून. म्हणजे जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये गेली, तेवढे पेट्रोल आपण रस्त्यावर ओतले म्हणायचे. किती ते मोजू या.

स्कूटर आणि चालक मिळून वस्तुमान १८० किलोग्रॅम धरा. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. ½mv² या सूत्राप्रमाणे गतिज ऊर्जा ९,००० ज्यूल झाली. तिला ६० लाखांनी भागले की उत्तर येते १.५ मिलिलिटर.

आता वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर घ्या. ऊर्जा झाली २०,२५० ज्यूल आणि पेट्रोल सुमारे ३.४ मिलिलिटर. वेग दीडपट झाला, पण खर्च सव्वादोनपट झाला! सूत्रात वेगाचा वर्ग आहे, हे त्याचे कारण.

आपल्या दोन शेजाऱ्यांकडे परत येऊ. पहिला रहदारीचा अंदाज घेत जातो. वीस किलोमीटरच्या वाटेत तो वीस वेळा, तेही ३६ च्या वेगावरून थांबतो. त्याचे ब्रेकमध्ये ३० मिलिलिटर पेट्रोल गेले. दुसरा दोन सिग्नलांच्या मधल्या मोकळ्या जागेत मूठ पिळून ५४ पर्यंत वेग नेतो आणि पुढच्या गाडीला टेकता टेकता करकचून ब्रेक मारतो. असे तो चाळीस वेळा करतो. त्याचे १३५ मिलिलिटर गेले. दोघांमधला फरक १०५ मिलिलिटर. आता पाहा: वीस किलोमीटरला पन्नासच्या हिशेबाने ४०० मिलिलिटर लागतात, चाळीसच्या हिशेबाने ५००. फरक १०० मिलिलिटर. आपण घेतलेले आकडे ढोबळ आहेत, तरी चोर सापडला असे म्हणायला हरकत नाही!

मोटारीचे वस्तुमान स्कूटरच्या पाच-सहापट असते. म्हणून तिचा प्रत्येक अनावश्यक ब्रेकही पाच-सहापट महाग पडतो.

नजर दूर, हात हलका

मग उपाय काय? ब्रेक दाबायचाच नाही? छे, असा अर्थ मुळीच काढू नका. संकटात ब्रेक दाबलाच पाहिजे. माणसाच्या जिवापुढे पेट्रोलची किंमत ती काय! उपाय असा, की ब्रेक दाबण्याची वेळच कमी यावी. तीन हात नाक्याचा सिग्नल दुरूनच लाल दिसला, तर तेथवर वेगाने जाऊन थांबण्यात काय मिळते? मूठ आधीच सोडून द्यावी. ज्या वेगाची किंमत पेट्रोलने चुकवून झाली आहे, तोच वेग गाडीला पुढे नेईल. पुष्कळदा आपण सावकाश तेथे पोचेपर्यंत सिग्नल हिरवाही होतो. पुढच्या गाडीपासून चांगले अंतर ठेवावे, म्हणजे तिच्या प्रत्येक ब्रेकबरोबर आपल्याला ब्रेक दाबावा लागत नाही. पावसाळ्यात खड्डे दुरून दिसतात, तेही याच सवयीमुळे.

येथे एक धोक्याची सूचना. गायमुखच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून सोडून देणारे काही महाभाग असतात. असे कधीही करू नये. इंजिन बंद झाले की मोटारीच्या ब्रेकला मिळणारी मदत थांबते आणि तो जड होतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर आलेल्या बहुतेक गाड्यांत इंधन इंजेक्टरने सोडले जाते. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की अशा इंजिनाचा इंधनपुरवठा उतारावर आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. म्हणजे धोकाही पत्करला आणि बचतही नाही!

पत्रीपुलाची रांग

कल्याणचा ब्रिटिश काळातला पत्रीपूल धोकादायक झाल्यामुळे २०१८ साली पाडण्यात आला. नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात तेथे वाहनांच्या केवढ्या रांगा लागत, हे घरच्या मोठ्यांना विचारा. अशा रांगेत गाडी जागची हलत नाही, पण इंजिन पेट्रोल पीतच असते. लहान मोटार नुसती उभी राहून तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जाळते. वीस मिनिटांत पाव लिटर. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी मोटार एवढ्या पेट्रोलवर पावणेचार किलोमीटर गेली असती!

"पण इंजिन पुन्हा सुरू करायला जास्त पेट्रोल लागते ना?" असे तुम्ही विचाराल. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमुळे हा समज रूढ झाला. इंजेक्टरच्या गाडीला पुन्हा सुरू होण्यास जेवढे इंधन लागते, तेवढे सुमारे दहा सेकंद नुसते उभे राहण्यात जाते. तेव्हा अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे असेल, तर इंजिन बंद करणेच शहाणपणाचे. मागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याच्या आणि पदपथावरच्या मुलांच्या नाकात तेवढाच धूर कमी जाईल, हा आणखी एक फायदा.

हवा बाहेरची आणि हवा टायरातली

मोकळा पूर्व द्रुतगती महामार्ग मिळाला की हात शिवशिवतात. पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० वरून ६० वर गेलात, तर तो सव्वादोनपट होतो. दुचाकी ४५-५० च्या आसपास एकसारख्या वेगाने चालवणे बहुधा किफायतशीर ठरते.

टायरातली हवा कमी असली की टायर रस्त्याशी अधिक चेपतो, प्रत्येक फेऱ्यात मुडपतो, सुटतो आणि तापतो. ती उष्णताही पेट्रोलचीच. मोटारींवरच्या मोजणीत असे दिसले आहे, की चारही टायरांतला दाब एक पौंड कमी झाला तर इंधनाचा खर्च सुमारे ०.२ टक्के वाढतो. दहा पौंडांनी दोन टक्के. हा आकडा ब्रेकच्या मानाने लहान वाटेल. पण टायर लवकर झिजतो आणि गाडी घसरण्याची भीती वाढते, हे विसरू नका. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दाब वहीत लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी टायर थंड असताना हवा तपासायला सांगा.

दुचाकीची साखळी कोरडी व सैल नसावी. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, इंजिन बंद असताना मागचे चाक हाताने फिरवून पाहावे. ते अडखळत असेल तर ब्रेक घासत आहे असे समजावे आणि मेकॅनिकला दाखवावे.

करून पाहा

पहिला प्रयोग: शाळेच्या आवारात थोडा उतार आणि पुढे सपाट जागा शोधा. खडूने एक रेघ आखा. सायकलच्या टायरांत पुरेशी हवा भरा, रेघेपासून पायडल न मारता उतारावरून सायकल सोडा आणि ती आपोआप थांबते तेथपर्यंतचे अंतर मोजा. तीन वेळा करून सरासरी काढा. नंतर हवा निम्मी करून हाच प्रयोग करा. सायकलस्वार तोच हवा, आणि वारा नसलेली वेळ निवडा. अंतरातला फरक पाहून टायरातल्या हवेचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

दुसरा प्रयोग घरचा. तुम्हाला अजून परवाना नाही, तेव्हा गाडीला हात लावायचा नाही. वही मात्र तुमची. टाकी भरल्यावर मीटरवरचे किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तेवढीच टाकी भरा आणि किती लिटर पेट्रोल लागले ते लिहा. किलोमीटरना लिटरने भागा. असे महिनाभर नेहमीप्रमाणे आणि महिनाभर 'नजर दूर, हात हलका' या नियमाने करायला घरच्यांना सांगा. एकाच टाकीवरून निष्कर्ष काढू नका.

लोकलकडून एक धडा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोचली. पोलादी चाक पोलादी रुळावर फारसे चेपत नाही, म्हणून त्याचा रोध रबरी टायरापेक्षा कितीतरी कमी असतो. आणखी गंमत अशी, की आजच्या लोकलचा ब्रेक लागला की तिच्या मोटरी जनित्रासारख्या चालतात आणि गतिज ऊर्जेचा बराच भाग वीज होऊन वरच्या तारेत परत जातो. आपल्या पेट्रोलच्या स्कूटरला ही सोय नाही. तिने एकदा ब्रेकमध्ये घालवलेले पेट्रोल टाकीत परत येत नाही. म्हणूनच जेथे लोकलने जाता येते तेथे लोकलने जावे. आणि स्कूटर काढावीच लागली, तर ब्रेकचा हिशेब ध्यानात ठेवावा.

आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. ते थेंब सांडू द्यायचे की वाचवायचे, हे पुष्कळसे चालवणाऱ्याच्या हातात असते. तेव्हा यापुढे कोणी "तुमची गाडी ॲव्हरेज किती देते?" असे विचारले, तर तुम्ही उलट विचारा, "चालवतो कोण?"

प्रश्न

१. स्कूटरवर दोघे बसले आणि एकूण वस्तुमान २४० किलोग्रॅम झाले. ताशी ३६ किलोमीटर वेगावरून एकदा थांबल्यास किती पेट्रोल वाया जाईल? (उत्तर: २ मिलिलिटर)

२. १,००० किलोग्रॅमची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगावरून थांबली, तर ब्रेकमध्ये किती ज्यूल ऊर्जा जाईल? (उत्तर: २ लाख ज्यूल)

३. टाकी भरून ॲव्हरेज काढताना दोन्ही वेळा पंप तोच का असावा?