तोंड सोलले म्हणून शेक थांबवू नये

तोंडाच्या किंवा घशाच्या वाढलेल्या कर्करोगात शेक, म्हणजे किरणोपचार, आणि सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध बरोबरीने दिले जाते. किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो. निरोगी पेशी पुढच्या शेकापर्यंत त्यातला बराचसा सांधून घेते. सिस्प्लॅटिन या सांधणीतच अडथळा आणते. त्याने गाठ जास्त मरते, पण तोंडाच्या अस्तराच्या आणि मानेच्या कातडीच्या पेशींनाही झळ बसते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येते, पुढे घास गिळवत नाही.

‘शेक जास्त झाला, मशीनने भाजले’ हा समज इथूनच पसरतो आणि हटता हटत नाही. ओझरहून नाशिकला शेकासाठी रोज ये-जा करणारा एक द्राक्ष बागायतदार याच समजापायी चौथ्या आठवड्यात घरी बसला. मोबाइलवर पाहून मानेला हळद-कोरफडीचा लेप लावला, दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खाल्ले. परतला तेव्हा जखमेत पू होता आणि रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडाला इजा झालेली. सिस्प्लॅटिनचा मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. त्यात अशी गोळी मनाने घेणे घातकच. शेकातला खाडाही महागात पडतो, कारण तेवढ्या दिवसांत गाठ पुन्हा वाढू लागते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा ३०० रुग्णांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शेकासोबत दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनचा मोठा डोस घेणाऱ्या ८४.६ टक्के रुग्णांना तीव्र त्रास झाला, दर आठवड्याला छोटा डोस घेणाऱ्या ७१.६ टक्के रुग्णांना. मात्र दोन वर्षांनी तोंड-मानेतला रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण मोठ्या डोसात ७३.१ टक्के, तर छोट्यात ५८.५ टक्के होते. त्रास झाला म्हणजे उपचार चुकला, असे मुळीच नाही. शेक संपल्यावर तोंडाच्या बहुतेक जखमा काही आठवड्यांत भरतात. तोवर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या, मऊ आहार आणि डॉक्टरांनी लिहिलेलेच वेदनाशामक घ्यावे.

१००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पाणीही गिळता न येणे, लघवी कमी होणे, कानात आवाज येणे, जखमेतून रक्त किंवा पू येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उद्यावर ढकलू नये.

शेक संपून महिने, क्वचित वर्षे उलटल्यावरही डोसिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन किंवा जेमसायटाबिन हे केमोचे औषध सुरू होताच शेकाच्या जुन्या जागी कातडी लाल होऊन सोलू शकते. ही ॲलर्जी समजून गावठी लेप लावले जातात. अशा वेळी पुढच्या डोसाचा निर्णय डॉक्टरांनाच घ्यावा लागतो. त्यासाठी केमो सुरू करण्याआधीच शेकाची जुनी फाइल दाखवावी. शेक कुठे, किती आणि कधी दिला, हे त्यात लिहिलेले असते.