पियानोवर हात ठेवण्यापूर्वी...

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला! संपादक मंडळातल्या मैत्रिणीने 'तुला पियानो येतो ना, मग त्यावर लिही' म्हणून मला पकडलं. आता मला पियानो 'येतो' असं म्हणणं म्हणजे फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये एक जॉब घासला म्हणून स्वतःला फिटर म्हणवून घेण्यासारखं आहे. शाळेत सात वर्षं शिकले, पाच ग्रेड दिल्या आणि दहावीच्या वर्षी जे सुटलं ते सुटलं. पण एक गोष्ट लिहायची मला खरंच गरज होती, म्हणून हो म्हटलं.

गेल्या वर्षी आपल्या लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आला. पहिले पंधरा दिवस तिथे मेसपेक्षा मोठी रांग होती. आणि सगळ्याजणी वाजवत होत्या ते एकाच बोटाने, उजव्या हाताच्या तर्जनीने! जणू एटीएमचा पिन टाकतायत. त्यात एकजण मात्र वेगळी होती. आमची एक ज्युनिअर, सांगलीकडची. तिच्या वडिलांचं गावात भजनी मंडळ आहे आणि ही सातवीपासून पेटी वाजवते. कुठलाही अभंग एकदा ऐकला की दोन मिनिटांत पट्टीवर! आम्ही तिला पेटीवालीच म्हणतो. (तिला विचारूनच लिहिते आहे.)

तिचा हात बघून माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मनगट टेबलाच्या कडेवर टेकलेलं, बोटं सपाट, अंगठा पट्ट्यांच्या बाहेर लोंबकळणारा. मी म्हटलं, "असं नाही चालत पियानोला." मग माझ्या मिसनी मला जे शिकवलं तेच मी तिला शिकवलं. बोटं गोल कर, हातात चेंडू धरल्यासारखी. हाताच्या पालथ्या बाजूवर रुपयाचं नाणं ठेवलं आणि सांगितलं, वाजवताना हे पडता कामा नये. पेटीवाली मेहनती. तीन आठवडे रोज दोन तास, नाणं ठेवून!

चौथ्या आठवड्यात मेसमध्ये ती डाव्या हाताने आमटी वाढून घेताना दिसली. उजव्या हाताचं मनगट अंगठ्याच्या बाजूने कोपरापर्यंत ठणकत होतं. ड्रॉइंगची शीट अर्धी राहिली, जर्नल तिच्या रूममेटने लिहून दिलं (हे वाक्य कृपया सरांनी वाचू नये), डॉक्टरांनी महिनाभर हाताला विश्रांती सांगितली आणि गॅदरिंगला तिच्याऐवजी दुसरीच कोणीतरी साथीला बसली. मी भेटायला गेले तर म्हणाली, "ताई, नाणं मात्र एकदाही पडलं नाही हं."

त्या दिवसापासून मी हा विषय पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतला. पुढे जे लिहिलंय ते तेव्हा मला माहीत असतं तर बरं झालं असतं.

सुरुवात मशीनपासून करू, आपण इंजिनिअर ना! पेटीची पट्टी दाबली की एक झडप उघडते आणि भात्यातली हवा सुरातून जाते. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. आवाज लहान-मोठा करणारा हात म्हणजे भात्यावरचा डावा हात. पियानोचं उलट आहे. तिथे पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे एक छोटी हातोडी असते, ती तारेवर जाऊन आपटते. हे यंत्र इटलीत फ्लॉरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास बनवलं. त्यातली खरी गंमत अशी की हातोडी तारेपर्यंत पोचण्याच्या किंचित आधी पट्टीपासून सुटते आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने जाते. म्हणजे आवाज किती मोठा येणार हे फक्त हातोडीच्या वेगावर ठरतं. ती सुटल्यानंतर तुम्ही पट्टी कितीही दाबून धरा, त्या सुरात काडीचाही फरक पडत नाही! स्वर चालू राहावा म्हणून पट्टी खाली ठेवावी लागते, पण त्याला नुसतं बोटाचं वजन पुरतं.

आता आकडे बघा. पट्टी खाली जाते सुमारे १० मिलिमीटर आणि ती खाली न्यायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं. पन्नास ग्रॅम! आपला नुसता हात त्यापेक्षा कितीतरी जड आहे. म्हणजे जोर आपल्याकडे आधीच भरपूर आहे, तो लावायचा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच की हाताचं वजन वाटेत कुठे न अडकता बोटाच्या टोकापर्यंत पोचतं का? खांदा वर उचललेला असेल तर ते खांद्यात अडकतं, मनगट ताठ असेल तर मनगटात. पेटीवालीचं सगळं वजन मनगटात अडकलं होतं, आणि ते अडकवणारं नाणं मी ठेवलं होतं. नाणं पडू द्यायचं नाही म्हणजे मनगट हलू द्यायचं नाही. आणि मनगट तर मोटरसायकलच्या शॉकअॅब्सॉर्बरसारखं आहे, ते हललंच पाहिजे.

मिसची चूक म्हणावी का? माहीत नाही. त्यांनी दर आठवड्याला अर्धा तास माझा हात स्वतः बघितला, जरा ताठ झाला की कोपराखाली बोट लावून हलवून बघायच्या. मी नाणं घेतलं आणि ते कोपराखालचं बोट विसरले.

मग हात ठेवायचा कसा? उभे राहा. दोन्ही हात बाजूला सोडून द्या, मेसच्या रांगेत कंटाळून उभे असता तसे. आता न हलता खाली हाताकडे बघा. बोटं थोडी वळलेली आहेत, अंगठा किंचित पुढे आहे, तळहातात छोटी पोकळी आहे. हाच तो आकार. आता कोपरातून हात वर आणा आणि तसाच पट्ट्यांवर ठेवा. काहीही 'गोल' करायचं नाही. करंगळी आडवी पडत असेल तर तिच्या बाजूने हात जरासा वर घ्या. अंगठा नखाच्या कडेने टेकतो, बाकीची बोटं टोकाजवळच्या मऊ भागाने. नखं वाढवलेली असतील तर बोटं आपोआप सपाट होतात, तेव्हा मैत्रिणींनो, नेलपॉलिशचा मोह आवरा!

हे सगळं व्हायला बसणं बरोबर हवं आणि हॉस्टेलमध्ये खरी बोंब तिथेच आहे. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटरवर असतात. आपल्या कॉमन रूमचं टेबल मी पट्टीने मोजलं, ते एकटंच ७५ भरलं. त्यावर कीबोर्डची उंची धरा, म्हणजे पट्ट्या ८५ च्या आसपास गेल्या. खुर्ची तीच मेसची. परिणाम काय, तर प्रत्येकीचे खांदे कानापर्यंत! कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर आलं पाहिजे. आम्ही आधी खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, तर पाय लोंबकळायला लागले. शेवटी जिमखान्याच्या खोलीत धूळ खात पडलेला लोखंडी स्टँड रेक्टर मॅडमकडून मागून आणला आणि तो खालच्या खाचेत लावला. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाठ टेकू नका, पाऊल पूर्ण जमिनीवर. बस्स.

आता मला सर्वांत आवडलेला भाग. आपण सगळे पियानो 'पांढरी एक'पासून शिकतो, म्हणजे इंग्रजीत ज्याला सी म्हणतात तिथून. पाच बोटं पाच पांढऱ्या पट्ट्यांवर. पुस्तकात वाचायला सोपं, कारण काळी पट्टी लागत नाही. पण हाताला? पाचही बोटं सारख्या लांबीची नाहीत आणि पट्ट्या मात्र सरळ रेषेत! शोपँ हा पोलंडचा संगीतकार (मृत्यू १८४९) पॅरिसमध्ये पियानो शिकवायचा. तो शिष्यांचा हात पहिल्यांदा ठेवायचा तो अंगठा आणि करंगळी पांढऱ्यावर, मधली तीन लांब बोटं तीन काळ्यांवर. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात. लांब बोटांना उंच आणि आतल्या पट्ट्या, आखूड बोटांना बाहेरच्या. करून बघा, हात आपोआप बसतो. सी ची सरगम तो सगळ्यात शेवटी शिकवायचा, कारण वाचायला ती सोपी असली तरी हाताला सगळ्यात कठीण.

हे मी पेटीवालीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. काळी चार, काळी पाच ही तर तिची रोजची घरची पट्टी! महिन्याभराने तिने परत सुरुवात केली ती तिथूनच. तिचा हात पहिल्याच दिवशी इतका सैल पडला की मला माझीच लाज वाटली. मी तिला 'चूक' म्हणत होते ती अर्धी सवय शोपँच्या पद्धतीला जाऊन मिळणारी होती.

एक सूचना मात्र आपल्या कीबोर्डसाठी. पट्टी म्हणजे तरफ, टेकू मागे. जितकं आत दाबाल तितका मोमेंट आर्म कमी आणि जोर जास्त. खऱ्या पियानोत टेकू बराच मागे असतो म्हणून फारसं जाणवत नाही, स्वस्त कीबोर्डमध्ये तो अगदी जवळ असतो. तेव्हा काळ्या पट्ट्यांच्या टोकाशीच राहा, खूप आत शिरू नका.

बोटांचे नंबर पटकन सांगते. दोन्ही हातांना अंगठा १, करंगळी ५. उजव्या हाताने सी ची सरगम वर जाताना १-२-३, मग अंगठा खालून सरकून पुन्हा १-२-३-४-५. हा खालून सरकणारा अंगठा आज आपण गृहीत धरतो, पण बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने १७५३ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की वडिलांच्या लहानपणी मोठमोठे वादकसुद्धा लांबचा स्वर गाठायचा असेल तरच अंगठा वापरायचे! तेव्हा तुमचा अंगठा बाहेर लोंबकळत असेल तर फार मनाला लावून घेऊ नका. फक्त एक पाळा. अंगठा आत नेताना कोपर उडवू नका, आणि ३ वाजत असतानाच अंगठा निघालेला असू दे. ऐनवेळी निघाला की धक्का बसतो.

आणि ४ नंबर, म्हणजे अनामिका. तळहात टेबलावर ठेवा, मधलं बोट आत दुमडा, आता अनामिका उचलून दाखवा. नाही ना उचलत? बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात, आणि तिथून दोऱ्यांसारखे कंडरे बोटांपर्यंत येतात. हाताच्या पाठीवर अनामिकेचा कंडरा शेजारच्यांना बांधलेला असतो. ही रचना आहे, तिला व्यायामाने 'मोकळं' करता येत नाही. रॉबर्ट शूमान या जर्मन संगीतकाराने तरुणपणी बोटांना शिस्त लावायला एक यंत्र वापरलं होतं. १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट निकामी झालं. ते त्या यंत्रानेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण वादक म्हणून त्याची वाट तिथेच संपली आणि तो पूर्णपणे संगीतरचनेकडे वळला. अमेरिकेचा लिऑन फ्लायशर (मृत्यू २०२०) तर ऐन भरात असताना, १९६० च्या दशकात, उजव्या हाताची ४ आणि ५ नंबरची बोटं आतच वळायला लागली म्हणून थांबला. कित्येक वर्षं त्याने फक्त डाव्या हाताच्या रचना वाजवल्या.

अनामिकेला मदत करायची ती मनगटाने. ४ वाजवताना हात जरासा त्या बाजूला झुकू द्या, म्हणजे तिच्यामागे हाताचं वजन उभं राहतं. जास्त उचलायला जाऊ नका.

सरावाचं वेळापत्रक मी देणार नाही, आपल्याला सबमिशनचीच पुरेशी आहेत. रोज पंधरा मिनिटं, हळू. प्रत्येक स्वरानंतर स्वतःला विचारा, पट्टी खाली गेली, आता मी अजून दाबतेय का? आणि मैत्रिणीला सांगा कोपराखाली बोट लावून हात हलवून बघायला. हात हलका झुलला पाहिजे, क्रेनसारखा अडला तर थांबा. दुखलं तर त्या दिवशी बंद. दुसऱ्या दिवशीही दुखलं तर डॉक्टर. साधा थकवा झोपून उठलं की जातो. एकाच जागी ठणकतं, मुंग्या येतात किंवा पेन धरवत नाही, तो थकवा नव्हे. पेटीवालीने हे तीन आठवडे मला सांगितलं नाही. कारण काय, तर 'ताईंना वाईट वाटेल'.

सध्या दर शुक्रवारी मेसनंतर ती कॉमन रूममध्ये वाजवते, खिडकी उघडी असते, बॉईज हॉस्टेलपर्यंत ऐकू जातं म्हणे. तिने घरून पेटीही आणली आहे आणि मला शिकवते आहे. उजवा हात जमतो, पण भाता धरला की माझा डावा खांदा वर जातो. मग मागून आवाज येतो, "ताई, खांदा!"