ॲप आपले, पण खाते कोणाच्या नावे?

कारंजा किंवा मंगरुळपीरच्या बाजारात गाळा घेताना आमचे व्यापारी बांधव करारनामा वाचल्याशिवाय पैसे मोजत नाहीत. मोबाईलचे ॲप करवून घेताना मात्र ‘मुलगा हुशार आहे, करून देईल’ एवढ्यावरच काम सोपवले जाते. तो मुलगा उद्या पुण्याला नोकरीस गेला, तर ॲपची दुरुस्ती कोण करणार? म्हणून ॲप कसे तयार होते व मालकाने काय सांभाळावे, ते या लेखात पाहू.

साधने : अँड्रॉइड ॲप बनविण्याचे मुख्य साधन ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ हे आहे. ते मोफत मिळते. त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये निघाली. पूर्वी हे काम जावा भाषेत चाले. २०१९ पासून गुगलने कोटलिन भाषेला पहिली पसंती दिली. २०२१ मध्ये आलेल्या ‘जेटपॅक कंपोझ’मुळे पडद्यावरची मांडणी थोड्या ओळींत होते. वाशीम, रिसोडच्या ज्या तरुणांना हे काम शिकायचे आहे, त्यांनी येथूनच सुरुवात करावी.

खाते : प्ले स्टोअरवर ॲप ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरून खाते उघडावे लागते. हे खाते मालकाने स्वतःच्या नावे उघडावे आणि कारागिराला त्यात फक्त कामापुरता प्रवेश द्यावा. ॲप दुसऱ्याच्या खात्यात असेल, तर त्या खातेदाराच्या संमतीशिवाय ते आपल्याकडे येत नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक अट आहे. ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस चाचणीसाठी घेतलेले असावे लागते. ईदच्या हंगामासाठी ॲप हवे असेल, तर हे दिवस आधीच हिशेबात धरावेत.

चावी : प्रत्येक ॲपवर एक गुप्त संगणकीय सही असते. प्ले स्टोअरवरील नव्या ॲपची मूळ चावी २०२१ पासून गुगलकडे राहते. परंतु प्ले स्टोअरबाहेर वाटलेल्या ॲपची चावी हरवली, तर जुन्या ॲपवर नवी आवृत्ती बसत नाही आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला जुने काढून नवे घ्यावे लागते.

देखभाल : ॲप एकदा करून संपत नाही. गुगल दरवर्षी अट वाढवते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवी ॲप्स व सुधारणा अँड्रॉइड १५ ला धरून असाव्या लागतात. जुने पडलेले ॲप नव्या फोनवरील नव्या गिऱ्हाइकाला स्टोअरमध्ये दिसेनासे होते. म्हणून वार्षिक देखभालीची मजुरी आधीच ठरवावी.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी खाते, चावी, मूळ कोड आणि देखभालीचा लेखी करार या चार गोष्टी हाती आल्या की नाही, ते पाहावे. कारागिराची मजुरीही ठरल्या दिवशी चुकती करावी. व्यवहार लेखी असला म्हणजे दोघांचेही मन साफ राहते.