हृदयविकार : घराण्याचा वारसा आणि आर.एन.ए.चे दीर्घ धागे

घरातील कर्ता पुरुष हृदयविकाराने अकाली गेला म्हणजे भेटावयास आलेली मंडळी हमखास म्हणतात, "त्यांच्या घराण्यातच आहे हो!" हे बोलणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे काय, याचा आपण येथे थोडा विचार करू.

आपल्या पेशीच्या केंद्रकात डी.एन.ए. हा मूळ दस्तऐवज असतो. दस्तऐवज दप्तरातून हलत नाही. कामापुरती त्याची नक्कल काढली जाते. ही नक्कल म्हणजे आर.एन.ए. ती वाचून पेशी प्रथिने घडविते. या लिपीचा संकेत उलगडण्यात पंजाबात जन्मलेले डॉ. हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता आणि त्याबद्दल १९६८ साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा प्रकल्प २००३ साली पूर्ण झाला. तेव्हा आढळले की, प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २० हजारच असून त्यांचा मजकूर साऱ्या दस्तऐवजाच्या जेमतेम २ टक्के आहे. बाकीच्या भागास पुष्कळजण अडगळ समजत. पण या अडगळीच्याही नकला निघत असतात. त्यांपैकी २०० हून अधिक अक्षरांच्या आणि प्रथिन न घडविणाऱ्या नकलांस 'दीर्घ असंकेतक आर.एन.ए.' म्हणतात. बांधकामावरील मुकादम स्वतः विटा रचीत नाही, पण कोणते काम केव्हा सुरू व्हावे व केव्हा थांबावे हे पाहतो. यांपैकी अनेक धागे पेशीत तसेच काम करतात.

हृदयाशी त्यांचा संबंध कसा दिसून आला? २००७ साली संशोधकांच्या निरनिराळ्या गटांनी हजारो हृदयरोगी व निरोगी माणसांचे डी.एन.ए. ताडून पाहिले. सर्वांचे बोट नवव्या गुणसूत्रावरील एकाच जागी गेले. नवल असे की, नेमक्या त्या जागी प्रथिन घडविणारे जनुक नव्हते. तेथून निघतो तो 'अ‍ॅनरिल' नावाचा दीर्घ आर.एन.ए. पुढे २०१६ साली त्याच्या दुसऱ्या रूपाचे कार्य समजले. सरळ धाग्याऐवजी कड्यासारखे वळलेले हे रूप धमनीच्या भिंतीतील पेशींची अवाजवी वाढ रोखते. एकाच धाग्याची ही दोन रूपे, आणि त्यांचे गुण निराळे!

असे आणखीही धागे सापडले आहेत. २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले की, हृदयावर ताण पडला म्हणजे 'मायहार्ट' नावाचा धागा कमी होतो, आणि त्याची पातळी टिकविली तर हृदयाचे स्नायू अवाजवी जाड होण्यापासून बचाव होतो. मात्र अशा धाग्यांवर चालणारे औषध आजमितीस हृदयरोग्यांच्या नित्याच्या उपचारांत आलेले नाही.

मग आपल्या हाती काय आहे? नवव्या गुणसूत्रावरील हा फरक दुर्मिळ नाही. कोट्यवधी माणसे तो बाळगून असतात, आणि त्यांतील सर्वांनाच हृदयविकार होत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय उपखंडातील लोकांसह पाच निरनिराळ्या वंशांच्या लोकांचा आहार पाहिला गेला. जे कच्च्या भाज्या व फळे भरपूर खात, त्यांच्यात या वारशाचा धोका बराच सौम्य झालेला दिसला. एवढ्यावरून कोशिंबीर हे औषध ठरत नाही. पण वारसा आला म्हणजे सारे संपले, हा समज मात्र टिकत नाही.

म्हणून ज्या घरी आईवडिलांस वा भावंडांस कमी वयात हृदयविकार झाला असेल, त्या घरातील तरुणांनी रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल वेळच्या वेळी तपासून घ्यावे, तंबाखू व विडी-सिगारेट सोडावी, रोज चालावे. छातीत दुखून घाम सुटला, तर 'गॅस असेल' म्हणून घरी न थांबता तडक रुग्णालय गाठावे. पुढील पिढीच्या हाती दस्तऐवज देणे आपल्याला चुकत नाही. त्याबरोबर ताटातली कोशिंबीर आणि सकाळचा फेरफटका यांची सवयही आपण देऊ या.